‘द सीक्रेट गार्डन’ : बंद बाग, शोक आणि आयेचे गाणे

१

मराठी बालकुमार साहित्याला मृत्यूचे वावडे नाही. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ (१९३५) हे तर एका अर्थाने मुलाच्या शोकाचेच पुस्तक आहे. प्रौढ झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो. अशा ४२ रात्री होतात. ऐकणारे गहिवरतात, सांगणाराही गहिवरतो, आणि सांगण्यातूनच शोकाला वाट मिळते. या पुस्तकाचा मराठी मनावरील ठसा एवढा खोल आहे की मुलाचा शोक म्हटला की आठवणे, सांगणे आणि डोळे भरून येणे हीच त्याची रूपे मराठी वाचकाला स्वाभाविक वाटतात. परंतु ज्या मुलापाशी आईबापांची आठवावी अशी आठवण नाही, सांगावे असे समोर कोणी नाही आणि ज्याला रडूही फुटत नाही, त्याच्या शोकाचे काय होते?

फ्रान्सेस हॉजसन बर्नेट यांची ‘द सीक्रेट गार्डन’ (१९११) ही कादंबरी या प्रश्नापासून सुरू होते. बालसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत, अनुवादाच्या वर्गात आणि १० ते १३ या वयाच्या मुलांच्या हाती ही कादंबरी पोचावी, अशी शिफारस येथे करावयाची आहे. ही शिफारस निरपवाद नाही. हिंदुस्थान आणि हिंदी माणसे यांविषयी या कादंबरीत जे लिहिले आहे ते वाचून मराठी शिक्षकाचा हात आखडणे साहजिक आहे. तथापि ज्या पानांपाशी हात आखडतो, त्याच पानांत या कादंबरीतील शोकाचे मर्म सापडते, असे दाखविता येईल.

लेखिकेविषयी थोडक्यात सांगणे पुरे. बर्नेट यांचा जन्म १८४९ मध्ये मँचेस्टर येथे झाला. वडील लहानपणीच वारले. १८६५ मध्ये कुटुंब अमेरिकेतील टेनेसी राज्यात गेले आणि लेखन हेच चरितार्थाचे साधन झाले. ‘लिटल लॉर्ड फाँटलरॉय’ (१८८६) या कादंबरीने त्यांना अमाप कीर्ती दिली. १८९० मध्ये त्यांचा थोरला मुलगा क्षयाने वारला; तो तेव्हा १६ वर्षांचा होता. पुढे १८९८ ते १९०७ या काळात इंग्लंडच्या केंट परगण्यातील ‘ग्रेट मेथम हॉल’ या जुन्या वाड्यात त्या राहिल्या. भिंतीआडची बाग, गुलाब आणि माणसाला सरावलेला एक रॉबिन पक्षी ही सामग्री तेथली. मुलाच्या मृत्यूशी या कादंबरीचा थेट सांधा जुळवून टाकण्याचा मोह चरित्रात्मक समीक्षेला होतो. तो आवरलेला बरा. एक गोष्ट मात्र नोंदवावी : ही कादंबरी प्रथम १९१० पासून ‘द अमेरिकन मॅगझीन’ या प्रौढांच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ती केवळ मुलांसाठी आहे असे तिच्या पहिल्या संपादकांनी मानले नव्हते. मराठी विभागांतून बालसाहित्याकडे ज्या सवलतीच्या नजरेने पाहिले जाते, तिच्यासाठी ही नोंद उपयोगाची ठरावी.

२

पहिले प्रकरण हिंदुस्थानात घडते. मेरी लेनॉक्स ही इंग्रज अधिकाऱ्याची ९ वर्षांची मुलगी. आईला ती नकोच होती. म्हणून जन्मापासून तिला एका आयेच्या स्वाधीन करून नजरेआड ठेवलेले आहे. पटकीची साथ येते. रात्रीतून आया मरते. मग इतर नोकर मरू लागतात, उरलेले पळून जातात. आईबापही जातात. या धांदलीत मेरी कोणाच्या लक्षातच राहत नाही. जेवणघरातील अर्धवट टाकलेल्या ताटांतले काहीबाही खाऊन, पेल्यातले मद्य पिऊन ती झोपी जाते. जाग येते तेव्हा घर गप्प असते. जमिनीवरून एक लहानसा साप सरपटत जातो, एवढीच काय ती हालचाल. दोन अधिकारी येऊन तिला शोधतात तेव्हा तिला एकाच गोष्टीचा राग आलेला असतो : आपल्याला विसरले कसे?

२०२० आणि २०२१ या वर्षांतील कोरोनाच्या साथीनंतर हे प्रकरण पूर्वीसारखे वाचता येत नाही. आईवडिलांना रुग्णालयात नेले आणि ते परत आले नाहीत, अंत्यदर्शनही घडले नाही, अशी मुले महाराष्ट्रातील शाळांच्या वर्गांत बसली आहेत. शिक्षकांजवळ त्यांच्यासाठी जी वाक्ये असतात ती ठरलेली : देवाघरी गेली, आता तूच मोठा, रडायचे नाही. बर्नेट यांच्या पहिल्या प्रकरणात असले एकही वाक्य नाही. त्याचे कारण लेखिकेचा संयम हे आहेच. त्याहून साधे कारण असे की, असे वाक्य बोलायला त्या घरात कोणी उरलेलेच नाही.

मेरीचा शोक निवेदकही मान्य करीत नाही, हे येथे विशेष आहे. आया मेली हे कळल्यावर मेरी रडली नाही, असे निवेदक स्पष्ट सांगतो. आता नवी आया येईल, ती नव्या गोष्टी सांगेल, जुन्या ऐकून कंटाळा आलाच होता, एवढेच तिच्या मनात येते. ती प्रेमळ मुलगी नव्हती, कोणावर तिचा जीव नव्हता, असा निवाडाही निवेदक देऊन टाकतो. पुढे वाचक या निवाड्यावर विसंबून राहतो. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातील मिसलथ्वेट या शंभरएक खोल्यांच्या वाड्यात, आर्चिबाल्ड क्रेव्हन या विधुर काकांकडे तिची रवानगी होते तेव्हा ती हट्टी, पिवळट आणि नावडती मुलगी आहे, शोकाकुल नव्हे, असेच त्याला वाटते. शोक हा शब्द क्रेव्हनसाठी राखून ठेवलेला आहे. त्याची बायको बागेतील झाडाच्या फांदीवर बसली असता फांदी मोडून पडली आणि दुसऱ्या दिवशी वारली. त्याने बागेला कुलूप घातले, किल्ली पुरून टाकली, आणि तेव्हापासून १० वर्षे तो बहुतेक काळ परदेशांत भटकतो आहे. त्याच घटनेच्या सुमारास जन्मलेला मुलगा कॉलिन वाड्याच्या एका खोलीत अंथरुणाला खिळून आहे. आपल्याला कुबड येणार आणि आपण मरणार, असे त्याला वाटते. बाप त्याच्याकडे तो झोपलेला असतानाच पाहू शकतो.

३

कादंबरीला बरे करणारी बाग म्हणून कीर्ती मिळाली आहे. उपचाराची ही कल्पना अनेकदा फार ढोबळपणे सांगितली जाते : मुले उघड्यावर गेली, फुले पाहिली, बरी झाली. संहिता मात्र याहून काटेकोर आहे. मेरी कादंबरीत तीन बागा करते. पहिली हिंदुस्थानात, आया मेली त्याच सकाळी : मातीचे लहान ढीग करून त्यांत ती जास्वंदीची तोडलेली लाल फुले खोचते. दुसरी इंग्लंडला जाण्यापूर्वी, ज्या पाद्र्याच्या घरी तिला तात्पुरते ठेवले आहे तेथे : मातीचे ढीग आणि मधून वाटा, तेथील मुलगा चिडवू लागतो. तिसरी बाग ती करीत नाही, तिला ती सापडते. वाळक्या गवतातून वर आलेले हिरवट कोंब तिला दिसतात. बागकामाचे तिला काहीही ज्ञान नाही. या कोंबांना श्वास घ्यायला जागा हवी असावी, एवढेच तिला वाटते आणि एका टोकदार लाकडाने ती भोवतीचे गवत खुरपू लागते.

पहिल्या बागेत मूळ नसलेली फुले होती. तिसरीत फूल नाही, फक्त जमिनीखालचा कंद आहे. पहिलीत सजावट होती, तिसरीत खुरपणी आहे. मेरीला या दिवसांत भूक लागू लागते, हात मळतात, ती दमते आणि झोपते. निसर्गाच्या दर्शनाने मन प्रसन्न होणे हा मराठी कुमारकथेतला नेहमीचा प्रकार. येथे दर्शनाला दुय्यम स्थान आहे. एक काम आहे, ते उद्याही करावयाचे आहे, आणि आपण गेलो नाही तर ते कोंब गुदमरतील, या जाणिवेने मेरी बदलते. ज्या मुलीला सगळे विसरले होते, तिला न विसरण्यासारखे काही मिळते. काकांनी काय हवे असे विचारल्यावर ती खेळणी किंवा बाहुल्या मागत नाही, जमिनीचा एक तुकडा मागते.

बागेच्या संदर्भात शोक करण्याच्या दोन रीती कादंबरीने समोरासमोर ठेवल्या आहेत. एक क्रेव्हनची : कुलूप. दुसरी म्हाताऱ्या बेन वेदरस्टाफ या माळ्याची. मालकिणीने, मी आजारी पडले किंवा येथून गेले तर माझ्या गुलाबांची काळजी घे, असे त्याला सांगितले होते. ती गेल्यावर आत जाण्याची मनाई झाली. बेन वर्षातून एकदा भिंत चढून जात राहिला आणि छाटणी करीत राहिला. संधिवाताने पाय धरले तेव्हा, दोन वर्षांमागे, ते थांबले. ही गोष्ट कादंबरी बऱ्याच उशिरा उघड करते. पण त्याआधीच डिकन हा १२ वर्षांचा गावकरी मुलगा वेलींच्या खुणा पाहून म्हणतो की येथे १० वर्षांच्या आत कोणीतरी छाटणी केलेली दिसते. कुलूपबंद जागेत कोणीतरी येऊन गेल्याचे हे चिन्ह विद्यार्थ्यांनी चुकवू नये. बेन एकदाही आपल्या दुःखाविषयी बोलत नाही. तो खेकसतो. त्याचे दुःख कात्रीच्या खुणांत वाचावे लागते.

बेनकडूनच मेरीला आपल्या दुःखाचे पहिले नाव मिळते. भावंडे उडून गेल्यावर एकटा पडलेला रॉबिन आपल्याशी कसा जोडला गेला हे तो सांगतो, तेव्हा मेरी म्हणते की मीही एकटी आहे. आपल्या चिडखोरपणाच्या मुळाशी हे आहे, हे तोवर तिला ठाऊकच नव्हते, असे निवेदक तेथे नोंदवितो. पहिल्या प्रकरणात दिलेल्या निवाड्यापासून निवेदक येथे मागे सरकला आहे. तो तसे कबूल मात्र करीत नाही.

४

निवेदक जे कबूल करीत नाही त्याचा माग काढणे हे या कादंबरीच्या अभ्यासाचे खरे काम आहे, आणि तो माग आयेपाशी जातो.

मेरी पुस्तकात हुंदके देऊन प्रथम कधी रडते? आईबाप गेले तेव्हा नाही, आगबोटीवर नाही, वाड्यात पोचल्यावरही नाही. ती ४ थ्या प्रकरणात अशी रडते. मार्था ही वाड्यातील कामकरी मुलगी भोळेपणाने तिला सांगते की तू हिंदुस्थानातून येणार म्हणजे काळी असशील असे मला वाटले होते. मेरी संतापाने उसळते. तिथले लोक ही माणसेच नव्हेत, ते सलाम करणारे नोकर आहेत, अशा अर्थाचे ती ओरडते. कादंबरीतील हे सर्वांत ओंगळ उद्गार. आणि त्यांच्या पाठोपाठ, काही ओळींतच, ती उशीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागते. आपल्याला जे समजत होते आणि ज्याला आपण समजत होतो त्या सगळ्यापासून आपण फार दूर आलो आहोत, असे तिला वाटते. मेरीला समजणारे असे हिंदुस्थानात कोण होते? आई नव्हती, वडील नव्हते. तिला रोज न्हाऊमाखू घालणारी, कपडे चढविणारी, गोष्टी सांगणारी आणि तिच्या चापट्या खाणारी एकच व्यक्ती होती. तिला नाव नाही. ती माणूस नव्हती असे म्हणताच मेरीला तिच्यासाठी रडू फुटते. मेरीला हे कळत नाही. लेखिकेला कितपत कळले होते, हा प्रश्न मोकळाच ठेवावा. संहितेत मात्र ते आहे.

यानंतर आया पुन्हा पुन्हा रिकाम्या जागांतून दिसते. मार्थाची आई आपल्या तुटपुंज्या पैशांतून दोन पेन्सची दोरीची उडी मेरीसाठी घेते. मेरीला आभार मानण्याची सवय नाही. ती अवघडून हात पुढे करते, आणि हे तुझ्या मजुरीचे पैसे आहेत हे ओळखून मार्थाचे आभार मानते. नोकराच्या श्रमाची तिने घेतलेली ही पहिली दखल. जिची दखल घ्यावयास हवी होती ती पटकीने गेलेली आहे. पुढे डिकनला ती सांगते की मला आवडणारी माणसे आता पाच झाली : मार्था, तिची आई, बेन, रॉबिन आणि पाचवा तू. एका पक्ष्याला या यादीत जागा आहे. आयेला नाही.

मग १३ वे प्रकरण येते. रात्री रडण्याचा आवाज ऐकून मेरी मेणबत्ती घेऊन जाते आणि तिला कॉलिन सापडतो. बराच वेळ बोलून झाल्यावर तो झोप येत नाही म्हणतो. मेरी काय करते? हिंदुस्थानात माझी आया जे करीत असे ते मी करते, असे सांगून ती त्याचा हात थोपटते, कुरवाळते आणि हलक्या आवाजात हिंदुस्थानी भाषेतले एक गाणे गुणगुणते. मुलगा झोपतो. डॉक्टर, परिचारिका, औषधे यांना १० वर्षांत जे साधले नाही ते येथे साधते. कॉलिन अद्याप घराबाहेर पडलेला नाही, बाग त्याने पाहिलेली नाही. त्याच्यावर झालेला पहिला यशस्वी उपचार हा आयेचा आहे. ज्या आयेच्या जुन्या गोष्टींचा मेरीला कंटाळा आला होता, तिचा स्पर्श आणि तिचा सूर मेरीच्या हातात आणि गळ्यात जसाच्या तसा राहिला आहे. माणूस गेल्यावर त्याची लकब आपल्या हातून नकळत घडणे, हे शोकाचे रूप मोठ्यांच्या साहित्यातही इतक्या साधेपणाने क्वचित आले असेल.

१७ व्या प्रकरणात या प्रसंगाची पुनरावृत्ती होते, आणि तेथे कादंबरी एक निर्णायक वळण घेते. कॉलिनचा आक्रस्ताळेपणा मेरीने ओरडून थांबविला आहे, त्याच्या पाठीवर कुबड नाही हे तपासून दाखविले आहे. आयेकडून शिकलेले ते गाणे म्हणू का, असे ती विचारते. पण आता बागेत जाण्याची वाट बहुधा सापडल्याचे त्याला समजते आणि तो म्हणतो की गाण्याऐवजी बागेत काय असेल ते हळू आवाजात सांग. मेरी सांगू लागते आणि तो झोपी जातो. येथे बाग आयेच्या गाण्याची जागा घेते. अक्षरशः घेते : तोच पलंग, तोच थोपटणारा हात, तोच हलका सूर, फक्त शब्द बदललेले. यॉर्कशरच्या मोकळ्या हवेतील उपचार हा हिंदी बाईच्या अंगाईच्या चालीवर बसविलेला आहे, असे यावरून म्हणता येते. गाणे यापुढे कादंबरीत गाजत नाही. कुलूप घातलेली एक बाग उघडली जात असताना दुसरे एक दार असे हलकेच लावून घेतले जाते.

तरीही हिंदुस्थान पुरता जात नाही. मेरी कॉलिनला त्याच्या हुकूमशाहीवरून राजा म्हणते. बागेत पुढे तो ज्या ‘जादू’विषयी व्याख्यान देतो तिच्याशी फकीर, गारुडी आणि मेरीने तिकडे पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टी जोडलेल्या आहेत. मुले झाडाखाली मांडी घालून, वर्तुळ करून एका सुरात म्हणतात. बर्नेट यांना त्या काळच्या अमेरिकेतील मनोबलाने रोग बरे करण्याच्या विचारपंथांविषयी आस्था होती. त्यांचा येथे प्रभाव आहे. त्या प्रभावाला पोशाख मात्र हिंदी चढविलेला आहे.

५

कादंबरीच्या मर्यादा विद्यार्थ्यांपुढे उघडपणे मांडाव्यात. हिंदुस्थान म्हणजे उष्मा, रोग आणि आळस. इंग्लंड म्हणजे वारा, भूक आणि आरोग्य, असा तिचा नकाशा आहे. बर्नेट यांच्याच ‘अ लिटल प्रिन्सेस’ (१९०५) या कादंबरीतील हिंदुस्थान संपत्तीचा आणि सुटकेचा आहे. तेथील रामदास हा हिंदी नोकर नायिकेच्या सुखाचे साधन बनतो आणि ती त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की वसाहत हे लेखिकेचे हवे तसे वळविता येणारे उपकरण होते, हे ध्यानात येते. चीड आणणाऱ्या ओळी मुलांच्या आवृत्तीतून वगळाव्यात, अशी सूचना येण्याचा संभव आहे. ४ थ्या प्रकरणाचे वर दिलेले विवेचन मान्य झाल्यास ती सूचना स्वीकारता येणार नाही; त्या ओळी काढल्या तर मेरीचे रडणे निराधार होते.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. कॉलिनला खरा आजार नसतोच. त्याला भीती असते. तो उभा राहतो, चालतो, शेवटी धावतो. पांगळेपण हे मनाचे दुबळेपण आहे आणि चांगल्या विचाराने ते जाते, असा अर्थ यातून एखाद्या खरोखरीच अपंग असलेल्या मुलाने काढला तर ते पुस्तक त्याच्यावर अन्याय करील. हे शिक्षकाने बोलावयास हवे. शिवाय उत्तरार्धात कादंबरी मेरीच्या हातून निसटते. अखेरच्या, २७ व्या प्रकरणात तिरोलच्या दरीत ओढ्याकाठची निळी फुले पाहून क्रेव्हनच्या मनातील गाठ सैल होते, स्वप्नात बायकोची हाक येते, तो परततो आणि बागेच्या दारातून धावत येणारा मुलगा त्याच्यावर आदळतो. प्रसंग प्रभावी आहे. पण शर्यत कॉलिन जिंकतो, बाप मुलाला मिळतो, आणि ज्या मुलीने दार शोधले ती या पानांत जवळजवळ निःशब्द आहे. वारसाकडे बाग गेली. मेरीचे आईबाप आणि आया यांच्या नावाने कोणी काही बोलत नाही.

६

अनुवादाचा प्रश्न येथे केवळ तांत्रिक नाही. डिकन, मार्था, बेन हे यॉर्कशरची बोली बोलतात, आणि मेरी ती शिकते. प्रमाण इंग्रजी बोलणारी साहेबाची मुलगी गावंढळ समजल्या जाणाऱ्या बोलीत बोलू लागते, ती बरी होत असल्याचे हे कादंबरीतील एक खात्रीचे लक्षण आहे. मराठीत हे कसे आणावे? वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांपैकी एखादी बोली घेतली तर वाचक यॉर्कशर सोडून विदर्भात, खानदेशात किंवा कोकणात पोचतो. सरसकट ‘ग्रामीण’ अशी कृत्रिम भाषा घेतली तर कुमारसाहित्यात तिला जी विनोदाची कळा आली आहे ती येथे घातक ठरेल. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त (१९५५) माणदेशी बोलीचा जो मोजका, हसे न होऊ देणारा उपयोग केला तो येथे मार्गदर्शक व्हावा. सुदैवाने काही नेमक्या जागी मराठी बोली फार कामास येतात. वाळलेल्या दिसणाऱ्या फांदीला चाकूने छेद देऊन डिकन आतला हिरवा ओला गाभा दाखवितो आणि ती जिवंत आहे असे सांगताना जो बोलीतला शब्द वापरतो, त्यासाठी ‘जित्ती’ हा शब्द तयार आहे. मेरी तो शब्द उचलते. प्रमाण मराठीतील ‘जिवंत’ने ते उचलणे दिसणार नाही.

‘मूर’ या भूप्रदेशाला मराठीत प्रतिशब्द नाही. माळरान म्हटले की कोरडेपणा येतो, आणि यॉर्कशरचा मूर ओला, वाऱ्याचा, धुक्याचा आहे. कोकणातील सडा अधिक जवळचा : वर्षातील बराच काळ उजाड आणि पावसानंतर रानफुलांनी झाकलेला. तरीही शब्द ‘मूर’ ठेवून वर्णनावर विसंबणेच श्रेयस्कर. रॉबिनच्या जागी दयाळ बसविण्याचा मोहही टाळावा. दयाळ गोड गातो हे खरे, पण त्याच्या छातीवर तो तांबडा रंग नाही, आणि मेरीला प्रथम दिसतो तो रंगच.

एका शब्दाने मात्र मराठी भाषांतर मूळ संहितेच्या पुढे जाऊ शकते. इंग्रजीतील ‘आया’ हा पोर्तुगिजांकडून हिंदुस्थानात आलेला आणि साहेबांच्या घरात रुळलेला शब्द. मराठीत तो दवाखान्यातील, शाळेतील कामकरी बाईसाठी वापरात आहे. पण मराठीत ‘आया’ हे ‘आई’चे अनेकवचनही आहे, आयाबहिणी म्हणताना तोच ध्वनी उमटतो. दोन शब्दांची व्युत्पत्ती वेगळी, योगायोगाचीच ही भेट. तरी मेरीने माझी आया असे म्हणताच मराठी मुलाच्या कानाला त्यात आई ऐकू येईल. इंग्रजी वाचकाला जे तर्काने शोधावे लागते ते येथे उच्चारातच येते. वर्गात या एका शब्दावर एक तास सहज जाईल.

शेवटची अडचण गाण्याची. १३ व्या प्रकरणातील त्या गाण्याचे शब्द कादंबरीत दिलेले नाहीत. ते हिंदुस्थानी भाषेत होते, एवढेच सांगितले आहे. मराठी अनुवादकाला तेथे एखादी परिचित अंगाई घालावीशी वाटेल, आणि बालवाचकाला ती आवडेलही. ती घालू नये. मेरीला त्या गाण्याचा अर्थ कितपत कळत होता हे संहिता सांगत नाही, आणि कॉलिनला तर तो मुळीच कळलेला नाही. थोपटणारा हात आणि शब्दांवाचून पोचलेला सूर, एवढेच आयेचे त्या वाड्यात आले आहे. भाषांतरातही ती ओळ रिकामीच ठेवावी लागेल.